चौकोन न आखता

हुबळीच्या केशवापुरातल्या आमच्या फाटकासमोर कलघटगीकडच्या बायका मुगाच्या शेंगा आणि कोवळ्या काकड्या घेऊन बसायला लागल्या, की मला फाटकाबाहेर पडवत नाही. बाकीच्या जगाला तेव्हा बरं वाटत असतं. गणपती गेलेले असतात, पाऊस दमलेला असतो, मधूनच असं कडकडीत ऊन पडतं की कुबट वास धरलेल्या गाद्या गच्चीवर जातात. मी मात्र दाराची कडी धरून उभी. शेंगांचा तो हिरवट, मातकट वास नाकात गेला की बोटांना काजळी लागल्यासारखी वाटते आणि मी उगीच हात धुऊन येते. "आत्ताच धुतलेस की! किती धुशील?" आई आतून म्हणते. तिला ठाऊक आहे. पितृपंधरवडा आला, एवढाच त्याचा अर्थ.

एके काळी हा माझा हंगाम होता. कुणाचा आंब्याचा हंगाम असतो, कुणाचा लग्नाचा. माझा मेलेल्यांचा होता. हसू नका. आमच्याकडं महानवमीच्या अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीला, घराघरांत वाडवडलांची पूजा मांडतात. पाटावर त्यांचे फोटो, फोटोपुढं नवं धोतर, नवी साडी, ताटात होळगी, म्हणजे पुरणपोळी, आणि तूप. ज्यांच्याकडं धड फोटो नाही, असला तर बसच्या पासावरचा बोटभर, त्यांची भाद्रपद लागला की धावाधाव सुरू व्हायची. ते सगळे दुर्गदबैलातल्या शिवप्पा मास्तरांच्या फ्रेमच्या दुकानात यायचे आणि मास्तर त्यांचा तो बोटभर फोटो माझ्याकडं पाठवायचे. त्याचं हातभर चित्र करून द्यायचं, हे माझं काम. नव्वदनंतरची ती वर्षं. कॉम्प्युटर अजून आमच्या गावात लोकांच्या मेलेल्या आजोबांपर्यंत पोचला नव्हता.

काम मला मास्तरांनीच शिकवलं. फोटोवर पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर बारीक चौकोन आखायचे. मोठ्या कागदावर तेवढेच चौकोन, फक्त मोठे. मग फोटो उलटा करायचा, डोकं खाली, हनुवटी वर, आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. शेवटी काजळीची पावडर कापसाच्या बोळ्यानं भरायची आणि जिथं उजेड हवा तिथं खोडरबरानं उचलायची. "मारी नोडब्याडवा शालव्वा, चौक नोड," मास्तर म्हणायचे. तोंड बघू नकोस बाई, चौकोन बघ. नाक दिसलं की आपण आपल्या डोक्यातलं नाक काढतो; फोटो उलटा ठेवला की नाक उरतच नाही, नुसती सावली उरते. सावली काढायला कुणाला भीती वाटते?

मला नाही वाटली. नऊ वर्षं मी नुसत्या सावल्या काढल्या आणि लोक ते चित्र बघून धाय मोकलून रडले. "आमचे आजोबाच की हो!" त्यांच्या फर्माइशी पण ऐकण्यासारख्या असत. मिटलेले डोळे उघडे करा. टोपी काढा, फेटा घाला. आईच्या गळ्यात बोरमाळ घाला, जिवंतपणी राहून गेली. एकदा एकानं आईवडिलांना शेजारी शेजारी बसवून मागितलं. आई गेली होती बाविसाव्या वर्षी, वडील ऐंशीचे होऊन गेलेले. मी बापडीनं बसवलं. ती त्यांची नात दिसायला लागली. मुलगा मात्र खूश, त्यानं त्या दोघांना असं एकत्र पहिल्यांदाच बघितलं होतं.

पण जिवंत माणूस माझ्यासमोर कधी बसला नाही. कोण बसणार? शालू ज्याला काढते त्याला हार चढतो, हे गल्लीत सगळ्यांना पाठ. शेजारच्या गंगक्काच्या तान्ह्या नातवाचं चित्र काढू का म्हणून मी एकदा विचारलं, तर तिनं "अय्यय्यो, ब्याड! नको!" म्हणत पोर पदराखाली घेतलं. बघायला येणारी मंडळी, मुलगी काय करते हे कळलं की चहा पिऊन उठायची. मी वाईट वाटल्याचं दाखवायची. वाटायचंही, पण त्याच्याखाली एक सुटका होती आणि ती मी कुणाला कधी सांगितली नाही. मला जिवंत माणूस काढताच येत नव्हता. चौकोन नसले की माझा हात कागदावर नुसता पडून राहायचा. लोकांच्या भीतीच्या आडोशाला माझी भीती सुखानं नांदत होती.

आणि अप्पांनी तो आडोसा एका सकाळी काढून घेतला.

माझे वडील रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणूस नेमका. पेन्सिल उजव्या कानावर, इतकी वर्षं, की तिथं कानाच्या वरच्या कडेला बारीकशी खाच पडलेली. त्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं थकली होती. पाणी मोजून, मीठ नाहीच. सकाळी चेहरा सुजलेला असायचा, दुपारनंतर उतरायचा. पंधरवड्याची सुरुवात होती. मी मागच्या पडवीत कुणाच्या तरी काकूंचं कपाळ भरत बसले होते. अप्पा वेताची खुर्ची ओढत आणून समोर बसले.

"शालू, मला काढ."

"फोटो कुठला देता?"

"फोटो नाही. मी बसलोय की."

आत आईच्या हातातलं भांडं पडलं. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली. "अहो, काय हे अभद्र बोलायलात! हिच्या हातनं? या दिवसांत?"

"हिच्या हातनंच. सगळ्या हुबळीचे बाप काढलेत हिनं."

"ते मेलेले होते!"

"म्हणूनच म्हणतो," अप्पा म्हणाले, "एकदा जिवंत काढून बघू दे पोरीला."

मी काय काय सबबी सांगितल्या! अमावास्येपर्यंतची कामं आहेत, उजेड बरोबर नाही, तुम्हाला बसवणार नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल ऐकावी तसं. मग म्हणाले, "जन्मभर मी साहेबांच्या हुकमाच्या नकला केल्या आणि खाली 'अस्सल बरहुकूम' लिहून सही ठोकली. एक ओळ माझी नव्हती त्यात. तू पण तेच करायलीस. मला रेल्वेच्या पासवरच्या फोटोसारखं भिंतीवर लटकायचं नाही बघ. इसम दिसतो मी त्यात."

मी काकूंचं कपाळ बाजूला ठेवलं.

लोक फार गोड बोलतात. कलावंतानं धाडस करावं, ओळखीची वाट सोडावी, अनोळखी पाण्यात उडी घ्यावी. हल्ली मी ज्या शाळेत चित्रकला शिकवते तिथं पाहुणे येतात आणि हेच सांगून शाल घेऊन जातात. मेलं, उडी घेऊन बघा एकदा! मी त्या सकाळी कोरा कागद लावला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मान वर करून माणसाकडं बघितलं. माझ्या बापाकडं. आणि मला काही दिसेना. म्हणजे सगळं दिसत होतं आणि कुठून धरावं ते कळत नव्हतं. नाक काढलं, ते मास्तरांच्या दुकानातलं कुठलं तरी नाक आलं. खोडलं. कपाळ काढलं, ते फारच मोठं झालं. खोडलं. अप्पा मधेच हसले, तर सगळा चेहराच हलला. फोटो कधी हलत नाही हो! तासाभरानं कागदावर एक मळकट डाग होता आणि माझ्या बगला घामानं भिजल्या होत्या.

"जमेल," अप्पा म्हणाले.

"नाही जमत, अप्पा."

"उद्या येतो मग," असं म्हणून ते खुर्ची ओढत गेले. कचेरीतून सुटल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी समोर दुसराच माणूस बसला होता. डोळ्यांखाली पिशव्या, गाल वर आलेले, कालचा जबडा कुठं तरी बुडालेला. काल जे थोडं जमलं होतं ते आज खोटं ठरलं. दुपारी सूज उतरल्यावर परत तिसरे अप्पा. मी सकाळचे काढू की दुपारचे? विचारायचं कुणाला? मास्तरांकडं गेले, तर ते खिळे ठोकता ठोकता म्हणाले, "फोटो तग्सव्वा." फोटो काढून घे. सरळ उत्तर होतं. त्यांच्या जागी मी असते तर तेच सांगितलं असतं.

रोज सकाळी उठल्याबरोबर मी अप्पांच्या तोंडाकडं बघायची, आणि तब्येत कशी आहे म्हणून नाही. आज किती बदललेत म्हणून. याची मला आजही लाज वाटते. डॉक्टर म्हणाले होते की पुढं हुबळीत भागायचं नाही, बेळगावला न्यावं लागेल, आणि तिथून काय होईल सांगता येत नाही. म्हणजे माझ्याकडं हा पंधरवडा होता. मला ते चेहऱ्यासकट निसटताना दिसत होते आणि हातात पेन्सिल असून धरता येत नव्हतं. भांडं गळतंय आणि बोट कुठं लावावं कळत नाही, तसं.

त्यात आई. रंग चढायला लागला की हटकून चहा घेऊन यायची. डोळ्यांशी आले की, "अहो, आंघोळीचं पाणी निवतंय." एकदा मला भर उजेडाच्या वेळी कमरीपेठेत सुपारी आणायला पाठवलं, घरात सुपारी असताना! आणि खोडरबर तर हरवायचंच. आज इथं ठेवलेलं उद्या नाही. मी चिडून पडवी उलटीपालटी करायची. "आई, माझं रबर बघितलंस?" "मी कशाला बघू तुझं रबर?" आणि संध्याकाळी, पोळ्या लाटताना, अगदी सहज आवाजात, "झालं का गं?" मी नाही म्हटलं की तिचं लाटणं परत चालू व्हायचं. मला वाटायचं, हिला माझं हसं झालेलं बघायचंय.

मग मी ती चूक केली. आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल अशी. अकरावा दिवस होता. अप्पा आंघोळीला गेले असताना मी त्यांच्या जुन्या पासवरचा फोटो बाहेर काढला, पारदर्शक कागद ठेवला, उलटा धरला आणि डोळ्यांपुरते चौकोन आखून दोन्ही डोळे चित्रात उतरवले. काय सांगू, हात कसा चालला! घरी आल्यासारखा. अर्ध्या तासात डोळे तयार. बाकीच्या त्या मळक्या चेहऱ्यात ते असे लखलखीत दिसत होते की मलाच धन्य वाटलं.

अप्पा पंचानं डोकं पुसत आले. चित्रापुढं उभे राहिले.

"हे पासवरचे," ते म्हणाले.

"नाही अप्पा, मी..."

"शालू. चाळीस वर्षं नकला तपासल्यात मी. खोड ते."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. मी खोडायला लागले. रडत होते आणि जोरानं घासत होते. अकरा दिवस तीच जागा खोडून खोडून कागद आधीच जेरीला आलेला. डाव्या डोळ्याशी त्याचं सालच निघालं. लोकर उभी राहावी तसा तंतू उभा राहिला. त्यावर आता पेन्सिल धरणार नाही, हे मला बघताक्षणीच कळलं. अप्पांचा डावा डोळा आता कधीही निघणार नव्हता. मी पेन्सिल भिरकावली. "मला येत नाही अप्पा! तुम्ही का छळताय? मला फक्त मेलेलेच येतात!"

आई दारात होती. परसात मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या उन्हानं तडतड उकलत होत्या. तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी येणार नाहीत म्हणून धरून चालले होते. अशक्त झाले होते, आईनं धरून आणलं. खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत त्यांना डुलकी लागली. मान डावीकडं कलली, उजवा कान माझ्याकडं आला. हातात पेन्सिल होती, पण काही काढायचं म्हणून नव्हती. नुसती बसले होते, हरलेली. कानाच्या कडेची ती खाच बघत होते, लहानपणी तिथली पेन्सिल काढून मी पळायची आणि ते "चोर, चोर" करत मागं यायचे, ते आठवत होतं. साल निघालेल्या त्याच कागदावर हात चालू होता हे मला फार नंतर कळलं. कान, खाच, कानातले दोन पांढरे केस, त्यामागून उतरलेली मानेची शीर. मोजलं नाही, खोडलं नाही. जाग आल्यावर अप्पांनी कागद मागितला. चष्मा लावून, कागद लांब धरून बघितलं.

"हा माझा," म्हणाले. कानावर बोट ठेवून.

बारा दिवस घाम गाळून माझी कमाई काय, तर एक कान. पण त्या कानानं अप्पा इतके खूश झाले की आईला हाक मारून दाखवला. तिनं बघितला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तेराव्या दिवशी त्यांना बेळगावला हलवलं. खुर्ची पडवीतच राहिली. ते परत आले नाहीत.

पाहुणे जमले. दिवसांना फोटो हवा. मी पासवरचा तोच फोटो घेतला, उलटा ठेवला, चौकोन आखले. दोन दिवसांत अप्पा तयार. हात एकदाही अडखळला नाही, आणि तोंड मी एकदाही बघितलं नाही. "हुबेहूब!" सगळे म्हणाले. शिवप्पा मास्तरांनी स्वतः फ्रेम करून आणली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या शब्दाची मला शिसारी बसली आहे. हुबेहूब! भिंतीवर तो इसम आजही आहे, हारासकट.

दुसरा कागद, पडवीत काढलेला, मी फाडायला घेतला होता. आईनं हातातून ओढून घेतला आणि पडवीच्या भिंतीला चार टाचण्या मारून लावला. डावा डोळा नाही, कपाळ डागाळलेलं, आणि एक कान. वर्षश्राद्धाला मला वाटलं, यालाही एक फूल लावावं. लावायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"त्याला हार नको. ते बसलेत अजून."

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. दरम्यान दुर्गदबैलात कॉम्प्युटर आले. आता फोटो दिला की तासाभरात हवा तेवढा मोठा होऊन येतो, डोळे उघडून, बोरमाळ घालून. मास्तरांचं दुकान मोबाइलवाल्याला गेलं. माझा हंगाम संपला. मला वाटलं होतं, धंदा बुडाला की भीतीही बुडेल. कसलं काय! अजून शाळेत मुलं म्हणतात, "टीचर, आमचं काढा की," आणि मी फळ्यावर आंबा काढते. बसमध्ये, बाजारात मी चोरून कागदाच्या कपट्यावर माणसं काढून बघते. नाहीच येत. तो एक कान कुठून आला होता, ते मला बारा वर्षांत सापडलेलं नाही. आणि तो परत येईल याची खात्री मला कुणीही दिलेली नाही.

यंदा श्रावणात आईला घेरी आली. तेव्हापासून तिचं तोंड उतरतच चाललंय. गाल आत गेलेत, नाक एकदम अप्पांच्या बहिणीसारखं धारदार दिसतं. डॉक्टर माझ्याशी बाहेर येऊन हळू बोलतात. मी परत सकाळी उठल्याबरोबर एका तोंडाकडं बघायला लागलेय.

काल फाटकापाशी शेंगावाली बसली. मी हात धुऊन आले, तर आई पडवीत, त्याच वेताच्या खुर्चीत. केस नीट विंचरलेले. मांडीवर एक फडक्याची पुरचुंडी.

"शाले, कागद आण."

"कशाला?" मला कळलं होतं.

तिनं पुरचुंडी सोडली. आत चार खोडरबरं होती. पिवळी पडलेली, दगडासारखी झालेली.

"मीच लपवायची," ती म्हणाली. "तू काढून संपवलेल्या एकेकाला हार चढलाय. म्हटलं, संपूच द्यायचं नाही. चहा आण, सुपारी आण, रबर लपव. देवाला फसवायला म्हण, येईल ते केलं मी. तेवढेच बारा दिवस जास्त बसले बघ ते."

मी खाली बसले. मला ओरडायचं होतं तिच्यावर. त्या कागदाचा डोळा, ते घासणं, ते रडणं... आणि ही बाई पदराखाली माझं रबर घेऊन पोळ्या लाटत होती! पण तिच्या हातावरची कातडी बघितली आणि चारी रबरं परत फडक्यात बांधली.

"आई, मला येत नाही गं. खरंच येत नाही. एक कान येतो."

"मग कानापासून धर."

"तुझी भीती कुठं गेली?"

"आहे की," ती म्हणाली. "तुझी कुठं गेलीय? म्हणून काय बसून राहायचं दोघींनी?"

मी कागद लावला. हात आपोआप पट्टीकडं गेला. आईनं पट्टी उचलली, मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसली. ऊन तिच्या अर्ध्या गालावर होतं. मी मान वर केली आणि माझ्या आईकडं बघितलं. कुठून धरावं, मला काहीच कळेना.

"बसलेय बघ मी," ती म्हणाली. "पण सांगून ठेवते हं शाले, लवकर संपवायचं नाही."